बलबीर पाशाचा प्रश्न

२००२ च्या अखेरीस मुंबईत लोकलच्या स्टेशनांवर, बसथांब्यांवर आणि मोठाल्या होर्डिंगांवर एकच प्रश्न झळकायला लागला : ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ हा बलबीर पाशा कोण, कुठला, काहीच सांगितलेलं नव्हतं. पुढच्या जाहिरातींतून हळूहळू उलगडत गेलं की बलबीर म्हणजे कुणीही. दारू चढली की कंडोम विसरणारा, एकाच बाईकडे जातो म्हणून स्वतःला सुरक्षित समजणारा, समोरची व्यक्ती ठणठणीत दिसते म्हणून निर्धास्त राहणारा. पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेची ती मोहीम होती. तिच्याविरुद्ध तक्रारीही झाल्या, पण प्रश्न मात्र मुंबईकरांच्या तोंडी बसला.

मोहिमेचा रोख बेफिकीर माणसावर होता. हा लेख अगदी दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल आहे. त्यानं कंडोम वापरला. तो फाटला नाही, निसटला नाही. तरी रात्री दोन वाजता फोनच्या उजेडात तो हाच प्रश्न विचारत बसलाय, फक्त बलबीरच्या जागी स्वतःचं नाव घालून. मध्येच त्याला आठवतं की ओठाला चीर होती, बोटाला कागदाचा काप होता, कंडोम काढताना हाताला काहीतरी ओलं लागलं होतं. दर आठवणीगणिक पोटात नव्यानं गोळा येतो. अशा माणसांना समुपदेशन केंद्रातली मंडळी चांगलं ओळखतात. खरोखर धोका पत्करलेला माणूस अनेकदा तपासणीला फिरकत नाही आणि ज्याला जवळपास काहीच धोका नाही तो पुन्हा पुन्हा येतो, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

या माणसाला ‘काळजी करू नका’ एवढं सांगून भागत नाही. का करू नका, हे त्याला समजून घ्यायचं असतं आणि ते त्याला समजू शकतं. तेव्हा आधी विषाणूकडे वळू.

एचआयव्ही १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला. त्यासाठी फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँटान्ये यांना २००८ चं नोबेल मिळालं. या विषाणूची दहशत मोठी असली तरी शरीराबाहेर तो अत्यंत दुबळा आहे. त्याला जगायला आणि वाढायला माणसाच्या रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशी लागतात. हवेत, सुकत चाललेल्या द्रवात त्याची संसर्ग करण्याची ताकद झपाट्यानं संपते. पसरायला त्याला मोजकेच द्रव चालतात : रक्त, वीर्य आणि वीर्याआधी येणारा स्राव, योनीतला स्राव, गुदाशयातला स्राव आणि आईचं दूध. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून तो पसरत नाही. शिवाय हा द्रव योग्य ठिकाणी पोचावा लागतो, म्हणजे मुख्यतः योनी, गुदाशय किंवा लिंगाच्या टोकाकडच्या नाजूक ओल्या अस्तरापर्यंत, नाहीतर थेट रक्तात. धडधाकट कातडीवर तो पडला तर त्याला आत शिरायला वाटच नसते. चुंबनानं, एका ताटात जेवल्यानं, एकाच संडासात गेल्यानं किंवा डास चावल्यानं तो होत नाही, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलोय. तरी भीती वाटायला लागली की नेमकं तेवढंच विसरायला होतं.

बोटाच्या कापाचंही तेच. कालपरवाच्या जखमेवर खपली धरलेली असते किंवा धरायला लागलेली असते. जखमेतून भळभळ रक्त वाहत असेल आणि त्यावर दुसऱ्याचं ताजं रक्त भरपूर सांडलं, तर गोष्ट वेगळी. कागदानं कापलेलं बोट आणि त्याला लागलेला थोडा ओलावा यांतून संसर्गाचा रस्ता निघत नाही.

आता मधला अडसर. ‘लॅटेक्सला सूक्ष्म भोकं असतात आणि विषाणू त्यांतून पलीकडे जातो’ ही अफवा गेली कित्येक वर्षं टिकून आहे, आणि ती पसरवण्यात कंडोमलाच विरोध असलेल्यांचा वाटा मोठा आहे. कंडोम कसा तयार होतो ते पाहिलं की ही शंका बरीचशी विरते. काचेचे साचे द्रवरूप रबरात बुडवून सुकवतात, मग पुन्हा बुडवतात. म्हणजे एकावर एक थर बसतात. तयार झालेला प्रत्येक कंडोम धातूच्या साच्यावर चढवून त्यातून वीज पलीकडे जाते का ते पाहतात. लॅटेक्समधून वीज वाहत नाही, त्यामुळे कुठे भोक असेल तर यंत्र तो कंडोम बाजूला टाकतं. शिवाय दर खेपेतले काही नमुने काढून त्यांत ३०० मिलिलिटर पाणी भरतात, लटकवून ठेवतात आणि मग शोषक कागदावर लोळवून कुठे ओल उमटते का ते बघतात. आणखी काहींत हवा भरत जातात. नेहमीच्या मापाच्या कंडोमला फुटण्याआधी किमान १८ लिटर हवा मावावी लागते. विषाणूच्या आकाराचे कण वापरूनही प्रयोगशाळांत तपासण्या झाल्या आहेत, आणि अखंड लॅटेक्स हा त्यांच्यासाठी भक्कम अडसर ठरला आहे. अपवाद मेंढीच्या आतड्यापासून बनवलेल्या कंडोमचा. तो गर्भधारणा रोखतो, विषाणू रोखेल याची खात्री नाही. पण तो आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहसा दिसतही नाही.

कंडोम दगा देतो तेव्हा बहुतेक वेळा वापरणाऱ्याची चूक असते. तो उशिरा चढवतात, आधी थोडा वेळ तसाच संबंध करतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावतात, आणि तेलकट पदार्थानं लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. त्याला पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण लागतं. पाकिटात महिनोन्‌महिने दबलेला, उन्हात तापलेला, मुदत उलटलेला कंडोम वापरतात. एकावर एक दोन चढवून दुप्पट सुरक्षित झालो असं समजतात. उलट दोन्ही एकमेकांवर घासून फाटण्याची शक्यता वाढते. फाटला तर मात्र तो बहुधा सरळ दिसतो. टोकापासून उभा चिरतो, काही वेळा मुळाशी नुसतं कडं उरतं. बघूनही न दिसणाऱ्या भोकामुळे अनर्थ झाला ही कल्पना भीतीच्या पोटी जन्मते. काही जण कंडोम नळाखाली धरून पाणी भरून बघतात. एकदा बघितलं आणि विषय संपला तर हरकत नाही, पण सहसा तो संपत नाही.

माणसांवरचे अभ्यास काय सांगतात? त्यातला एक मला सगळ्यात बोलका वाटतो. युरोपातल्या काही देशांत, जोडीदारांपैकी एक बाधित आणि दुसरा निरोगी अशी जोडपी संशोधकांनी सरासरी २० महिने पाहिली. निष्कर्ष १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. प्रत्येक वेळी कंडोम वापरणारी १२४ जोडपी होती. त्यांचे मिळून सुमारे १५,००० वेळा संबंध आले. नव्यानं संसर्ग झालेले : शून्य. कधी वापरायचे, कधी नाही, अशी १२१ जोडपी होती. त्यांत १२ जणांना संसर्ग झाला. इथे ‘समोरची व्यक्ती बाधित असेल का’ असा प्रश्नच नव्हता, ती बाधितच होती. परिणामकारक औषधोपचार तेव्हा यायचे होते. तरीही पहिल्या गटात एकही नवा रुग्ण नाही.

मग ‘कंडोम ८० टक्के परिणामकारक’ असं जे वाचायला मिळतं ते काय? तो आकडा आधीच्या अभ्यासांच्या २००२ मधल्या कोक्रेन आढाव्यातला आहे. ‘आम्ही नेहमी वापरतो’ असं सांगणारी जोडपी आणि कधीच न वापरणारी जोडपी यांच्यातल्या संसर्गाच्या दरांची ती तुलना आहे. त्यात उशिरा चढवणारे, फाटलेला तसाच चालवणारे आणि सांगतात एक करतात एक असे सगळेच आले. त्याचा अर्थ ‘नीट वापरलेल्या दर पाचांतला एक कंडोम विषाणू आत सोडतो’ असा होत नाही. घाबरलेला माणूस मात्र तो तसाच वाचतो.

एका वेळच्या संबंधातला धोकाही मोजलेला आहे. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था जे आकडे देते त्यांत तीन गोष्टी गृहीत आहेत : जोडीदार बाधित आहे, औषधं घेत नाही आणि कंडोम वापरलेला नाही. योनीमार्गाच्या संबंधात पुरुषाला १०,००० वेळांमागे सुमारे ४ वेळा संसर्ग होतो, स्त्रीला ८ वेळा. गुदमार्गाच्या संबंधात आत घेणाऱ्या व्यक्तीला हा आकडा १३८ आहे आणि दुसऱ्याला ११. मुखमैथुनात तो इतका कमी आहे की धड मोजता आलेला नाही. तुलनेसाठी पाहा : एकाच सुईनं नशा करणाऱ्यांत ६३, आणि बाधित रक्त अंगात चढलं तर ९,२५०. हे अर्थात सरासरीचे आकडे. जोडीदाराला संसर्ग नुकताच झालेला असेल, दोघांपैकी कुणाला जननेंद्रियावर व्रण असतील, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि जो शेकडो वेळा कंडोमशिवाय जातो त्याच्या बाबतीत हे छोटे आकडे साचत साचत मोठे होतात, हेही सांगायला हवं.

पण आपल्या रात्री दोनच्या माणसाचा हिशेब करून बघू. समजा, तो अनोळखी स्त्रीकडे गेला. ती बाधित असण्याची शक्यता शंभरात दोन धरू आणि ती औषधं घेत नाही असंही धरू. मग कंडोमशिवायचा धोका दहा लाखांत आठ. कंडोमचा तोच अगदी कंजूष ८० टक्क्यांचा आकडा लावला तर दहा लाखांत दीड-दोन. कंडोम शेवटपर्यंत जागेवर आणि धड होता, हे त्याला माहीत आहे. तेही धरलं तर आकडा मांडण्यात अर्थ उरत नाही. डॉक्टर याला ‘नगण्य’ म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. घाबरलेल्या माणसाला ‘नगण्य’मध्ये ‘थोडासा का होईना’ एवढंच ऐकू येतं. त्याला ‘शून्य’ हवं असतं, तेही लेखी. जगण्यातल्या कुठल्याच गोष्टीला विज्ञान तसं लेखी देत नाही. हा माणूस मोटारसायकलवरून ऑफिसला जाताना असं काही लिहून मागत नाही.

एक कलम मात्र ठळकपणे मांडतो, कारण तिथे घाई करणं योग्य आहे. कंडोम खरोखर फाटला, आत राहिला, किंवा वापरलाच नाही, आणि जोडीदार बाधित आहे किंवा असण्याची बरी शक्यता आहे, तर वाट बघत बसायचं नाही. ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, डॉक्टरांकडे जाऊन पीईपी मागायची. ही विषाणू अंगात बस्तान बसवण्याआधी द्यायची औषधं आहेत. आपल्याकडे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तिन्हींची एकत्र गोळी रोज एक अशी २८ दिवस देतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचारांच्या केंद्रांत याची माहिती असते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर हे विनाविलंब व्हायलाच हवं. ७२ तास उलटून गेल्यावर या गोळ्यांचा उपयोग नाही. आणि ज्याचा कंडोम धड होता त्याला त्या पहिल्या तासालाही लागत नाहीत.

आता लक्षणं. संसर्ग झालेल्या बऱ्याच जणांना दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेतल्या गाठी सुजणं, अंगदुखी असं काही होतं. काहींना काहीच होत नाही. ही यादी वाचली की माणूस आरशासमोर उभा राहतो. जीभ पांढरी आहे का? काखेत गाठ लागते का? दिवसातून दहादा गळा चाचपला तर गळा दुखणारच. काळजीनं भूक मंदावते, वजन उतरतं, रात्री घामानं अंग भिजतं, पोट बिघडतं, तोंड कोरडं पडतं. ही सगळी काळजीची स्वतःची लक्षणं आहेत, आणि नेमकी त्या यादीशी मिळतीजुळती. पावसाळ्यात महाराष्ट्रातलं अर्धं घर ताप आणि घसादुखीनं झोपलेलं असतं. लक्षणांवरून एचआयव्ही आहे असं ठरवता येत नाही, नाही असंही ठरवता येत नाही. ते काम तपासणीचं.

तपासणी केव्हा करायची, यात बहुतेकांची गफलत होते. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळा गाठून निगेटिव्ह रिपोर्ट आणायचा, मग तो इतक्या लवकर ग्राह्य नाही हे कळल्यावर पुन्हा घाबरायचं, असं चालतं. विषाणू शिरल्यावर तो चाचणीत सापडेपर्यंत जो काळ जातो त्याला विंडो पीरियड म्हणतात. बोटातलं रक्त घेऊन होणारी प्रतिपिंडांची झटपट चाचणी संसर्ग पकडायला २३ ते ९० दिवस घेते. प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी, शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी १८ ते ४५ दिवस. विषाणूची जनुकद्रव्यं शोधणारी महागडी चाचणी १० ते ३३ दिवस, पण साध्या शंकानिरसनासाठी तिची गरज नसते. म्हणजे प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, किंवा झटपट चाचणी तीन महिन्यांनंतर, तर त्या प्रसंगापुरता निकाल लागला. सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा, असं काही लागत नाही. मधल्या काळात पीईपी घेतली असेल तर वेळापत्रक डॉक्टर ठरवतात.

सरकारी तपासणी केंद्राला आयसीटीसी म्हणतात. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, अनेक ग्रामीण रुग्णालयांत ते असतं आणि तिथे पैसे पडत नाहीत. आधी समुपदेशक बोलतो, मग सही घेतो. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. नंतर बोटाला टोचणी, प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर द्रावणाचे दोन-तीन थेंब. थोड्या वेळानं ‘सी’ या खुणेपाशी एक रेघ उमटते. तिचा अर्थ एवढाच, की पट्टीनं काम केलं. पहिल्यांदाच पाहणारे काही जण तिलाच बघून हादरतात. बघायची असते ती ‘टी’ची रेघ, आणि तीही समुपदेशकानं.

समजा, टीची रेघ उमटली. तरी तेवढ्यावर कुणी कुणाला बाधित म्हणत नाही. का, हे हिशेबानं पटतं. भारतात प्रौढांमध्ये बाधितांचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणजे १०,००० लोकांत २० बाधित. चाचणी कितीही चांगली असली तरी हजारात पाच वेळा चुकून पॉझिटिव्ह येते असं धरू. मग त्याच १०,००० लोकांत जवळपास ५० निरोगी लोक पॉझिटिव्ह दिसतील. पहिल्या रेघेवर विश्वास ठेवला तर खऱ्या बाधितांपेक्षा खोटे जास्त सापडतील. म्हणून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन करतात, आणि तिन्ही जुळल्या तरच निदान होतं. खासगी प्रयोगशाळेतून एकाच चाचणीचा कागद घेऊन घरी जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं. जितका धोका कमी, तितका एकट्या पॉझिटिव्हचा भरवसा कमी.

इतकं सगळं समजूनही ज्याची रात्र सरत नाही, त्याची अडचण विषाणूची राहिलेली नसते. १९८६ मध्ये पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी आजाराच्या भीतीवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं : दिलासा हेच या भीतीचं खाद्य आहे. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले की तासभर बरं वाटतं. मग शंका येते, आपण सगळं नीट सांगितलं का? रिपोर्ट दुसऱ्या कुणाशी बदलला तर नसेल? पुन्हा विचारलं की पुन्हा तासभर बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी तो तास अर्ध्या तासावर येतो. खरूज खाजवल्यासारखं आहे हे. इथे उपचार असा, की विचारणं थांबवायचं आणि न विचारता येणारी अस्वस्थता सहन करायची. सीबीटी नावाच्या उपचारपद्धतीत हेच हळूहळू शिकवतात. कधी जोडीला औषधं लागतात. वारंवार हात धुणं, कुलूप दहादा ओढून बघणं यांच्याशी या भीतीचं जवळचं नातं आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांना ती नवीन नाही. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

या भीतीला पराणी लावते ती अपराधाची भावना, असं माझं मत. काळजीत बुडालेला माणूस पुष्कळदा बायकोच्या नजरेला नजर देऊ शकत नसतो. किंवा लग्न ठरलेलं असतं. किंवा तो पुरुषाबरोबर गेलेला असतो आणि हे जगात कुणालाही ठाऊक नसतं. ‘मला शिक्षा झालीच पाहिजे’ ही आतली खूणगाठ असते, एचआयव्ही हे फक्त त्या शिक्षेचं हाताशी असलेलं नाव. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टनं समाधान होत नाही. शिक्षा रद्द झाल्याचा कागद न्यायाधीशाच्या सहीशिवाय आल्यासारखा त्याला वाटतो, आणि न्यायाधीश तर तो स्वतःच असतो. खरी गोष्ट अशी, की जोडीदाराशी प्रतारणा केली असेल तर तो प्रश्न नात्याचा आहे. तो रक्ताच्या तपासणीनं सुटत नाही आणि तपासणीत दिसतही नाही.

आपल्याकडे हे बोलायला जागा कधीच नव्हती. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. उत्तरं देणाराच आरोपी झाला, तर प्रश्न विचारणाऱ्यानं कुठे जायचं? एचआयव्हीच्या बाबतीत सरकारनंच भीतीला हातभार लावला. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाचं, रक्तदानानंतर झालेल्या तपासणीत, रक्त बाधित निघालं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला म्हापशात क्षयरुग्णांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवलं. सुटल्यावर त्यानं नोकरी गमावली, पण ‘पॉझिटिव्ह पीपल’ नावाची संस्था उभी केली. १९९२ मध्ये तो गेला. त्या दशकातल्या पोस्टरांवरच्या कवट्या आणि फासाचे दोर बघत वाढलेल्या पिढीच्या मनात एचआयव्ही आणि मरण ही एकाच श्वासात उच्चारायची नावं होऊन बसली, आणि त्यांनी ती पुढच्या पिढीला तशीच दिली.

मधल्या काळात वैद्यक कुठल्या कुठे गेलं. १ एप्रिल २००४ पासून भारतात एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आज देशातले सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत, नोकऱ्या करताहेत, मुलंबाळं वाढवताहेत. वेळेवर औषधं सुरू झाली तर आयुर्मान जवळपास इतरांइतकंच असतं. त्याहून मोठी गोष्ट २०११ मध्ये जाहीर झाली. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासात दिसलं, की बाधित जोडीदाराला लवकर औषधं दिली तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. भारतातली या अभ्यासाची ठिकाणं होती चेन्नई आणि पुणे. भोसरीतल्या तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत येणाऱ्या साध्यासुध्या मराठी जोडप्यांचा त्या निष्कर्षात वाटा आहे, हे पुण्यातही फारसं कुणाला माहीत नाही. पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१९ मध्ये, ७८२ पुरुष जोडप्यांचे सुमारे ७६,००० कंडोमविरहित संबंध मोजले गेले. बाधित जोडीदाराच्या रक्तात औषधांमुळे विषाणू सापडेनासा झालेला होता. त्याच्याकडून दुसऱ्याला झालेले संसर्ग : शून्य.

या भीतीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबद्दलचा एक समजही मिसळलेला असतो. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम सुरू केलं. त्याच बायकांनी पुढे १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. कंडोम वाटण्याचं आणि गिऱ्हाईकाला तो घालायला लावण्याचं काम त्या स्वतः करत. ‘अशा बाईकडे गेलो म्हणजे झालाच’ असं म्हणणाऱ्याला ही बाजू ठाऊक नसते. कंडोमचा आग्रह पुष्कळदा तिचाच असतो. लग्नाच्या बाईला नवऱ्यापुढे तसा आग्रह धरता येत नाही, आणि महाराष्ट्रात असंख्य स्त्रियांना संसर्ग झाला तो स्वतःच्या घरात.

कंडोम वापरूनही ज्यांचा थोडा विचार करावा अशा गोष्टी वेगळ्याच आहेत आणि घाबरलेला माणूस त्यांचं नावही काढत नाही. कंडोमनं न झाकलेल्या कातडीच्या स्पर्शातून हर्पीस, एचपीव्ही आणि सिफिलिस होऊ शकतात. कंडोमनं त्यांचा धोका कमी होतो, पण एचआयव्हीइतका नाही. सिफिलिसची रक्ततपासणी स्वस्त आहे आणि तो पेनिसिलिननं बरा होतो. हेपटायटिस बी तर एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो, आणि त्याची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशी तीन डोसांत घेता येते. एचपीव्हीचीही लस आहे. ज्यांचे संबंध वरचेवर आणि निरनिराळ्या व्यक्तींशी येतात, किंवा ज्यांचा जोडीदार बाधित आहे आणि त्याचे उपचार अजून स्थिरावलेले नाहीत, त्यांच्यासाठी संसर्ग होण्याआधीच घ्यायच्या प्रेपच्या गोळ्या भारतात मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, तपासणी करून सुरू करायच्या असतात. एकदाच गेलेल्या, कंडोम नीट वापरलेल्या आणि त्यानंतर जागरणं करणाऱ्या माणसाला प्रेप लागत नाही आणि पीईपीही नाही. मनाला फारच टोचणी असेल तर ४५ दिवसांनी प्रयोगशाळेत चौथ्या पिढीची एक चाचणी. तोवर काही विचारायचं झालं तर एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा १०९७ हा मोफत क्रमांक आहे. एकदा लावावा, उत्तर कागदावर लिहून घ्यावं, आणि तोच प्रश्न विचारायला दुसऱ्यांदा लावू नये.